पन्नास आसनांची बस आणि गडाची वाट

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री गोरेगावात, आरे रस्ता जेथे पश्चिम द्रुतगती मार्गाला मिळतो त्या परिसरात, पाठीवर पिशव्या अडकवलेल्या तरुण-तरुणींचे घोळके उभे दिसू लागतात. बोरिवलीकडून आलेली बस त्यांना घेते, वाटेत आणखी थांबे घेत मध्यरात्रीनंतर कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या दिशेने लागते आणि पहाटे एखाद्या गडाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहते. बसमधील अनेकांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलेले नसते. ज्याने ही मोहीम काढली त्यानेही त्यांतील कित्येकांना प्रथमच पाहिलेले असते. पैसे आधीच पोचलेले असतात आणि 'मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे' अशा मजकुराखाली संमतीही घेतलेली असते.

डोंगरांची ही ओढ वाईट आहे असे कोणीही म्हणणार नाही. गोरेगावसारख्या उपनगराला तर ती परकी नाही. १९४९ साली वसलेली आरे वसाहत आणि तिच्या पलीकडचे शंभरांहून अधिक चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान यांच्या सावलीत वाढलेल्या मुलांना डोंगर म्हणजे परमुलूख कधीच वाटला नाही. मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था १९५४ साली स्थापन झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत उपनगरांतून अशी अनेक मंडळे उभी राहिली. त्या काळच्या भटकंतीत पाच-दहा मित्र, एखादा वाट माहीत असलेला जाणता, कसाऱ्याची गाडी, पुढे एस. टी. आणि पाठीवर शिधा एवढाच संसार असे. गट लहान ठेवावा, असा नियम कोणी केलेला नव्हता. ओळखीच्या मर्यादेने तो आपोआपच लहान राहत असे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला दमा आहे, कोण उंचीला भितो, हे निघण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असे.

आज गटाचा आकार ओळखीवरून ठरत नाही. तो बसच्या आसनांवरून ठरतो. बसचे भाडे तीस माणसे आली तरी तेवढेच आणि पन्नास आली तरी तेवढेच. त्यामुळे पहिल्या तीस-पस्तीस जणांच्या पैशांत खर्च भागतो आणि नफा उरतो तो शेवटच्या दहा-पंधरा आसनांत. हे साधे व्यापारी गणित आहे आणि त्यात लबाडी आहे असेही नाही. परंतु डोंगराचे गणित याच्या नेमके उलट असते. तेथे धोका वाढतो तो याच शेवटच्या दहा-पंधरा माणसांमुळे.

हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे. पायवाटेवर पन्नास माणसे एकामागून एक चालू लागली की तासाभरात ती रांग अर्ध्या किलोमीटरपर्यंत लांबते. पुढे असलेल्या प्रमुखाला मागचे टोक दिसत नाही. रानात आणि धुक्यात तर हाकही पोचत नाही. पुढचे तगडे लोक पठारावर पोचून विसावा घेतात, मागच्यांची वाट पाहतात, आणि मागचे धापा टाकीत तेथे येऊन टेकतात न टेकतात तोच पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते. दिवसभर हे असेच चालले की दुपारनंतर तो माणूस थकव्याने पाय चुकीचा टाकू लागतो. अपघात घडला की कड्याला किंवा शेवाळाला दोष दिला जातो. त्याचे बीज मात्र सकाळच्या त्या विसाव्यात पडलेले असते.

अवघड टप्प्यांचा हिशेबही असाच आहे. एखाद्या कातळटप्प्यावर एका माणसाला एक मिनिट लागत असेल, तर पन्नास जणांना पन्नास मिनिटे लागतात, उतरतानाही तेवढीच. म्हणजे पाच जणांच्या गटाला दहा मिनिटांत आटोपता येणारा टप्पा पन्नासांच्या गटाचे पावणेदोन तास खातो. असे दोन टप्पे वाटेत असले की अंधार पडण्यापूर्वी खाली येण्याची गोष्टच संपली. त्यातही एकाच गडावर एकाच दिवशी तीन-चार बसगाड्या आल्या तर काय होते, हे त्र्यंबकजवळच्या हरिहर गडाने अलीकडच्या काही पावसाळ्यांत दाखवून दिले आहे. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्जने या भागातील गडांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या. हरिहरचा उभा कोरीव जिना तेवढा वाचला. एका वेळी एकाने चढावे अशा त्या जिन्यावर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकून पडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत. तेथे एकाचा तोल गेला तर तो एकटा खाली जाणार नाही.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण अधिक बोलके आहे. एकाच गडावर जाण्याच्या वाटा अनेक. पाचनईची वाट सामान्य प्रकृतीच्या माणसाला झेपणारी, खिरेश्वराहून टोलार खिंडीतून जाणारी वाट लांबची आणि दमवणारी, तर नळीची वाट सराईतांनाच शोभणारी. जाहिरातीत मात्र 'हरिश्चंद्रगड' एवढेच ठळक अक्षरांत असते. याच गडाच्या कोकणकड्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये दोराने उतरणारे सतरा जण रात्रभर अडकून पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. जानेवारी २०२० मध्ये त्याच कड्यावर अरुण सावंत यांच्यासारख्या दीर्घ अनुभवाच्या गिर्यारोहकाचा अंत झाला. अनुभवी माणसालाही कडा क्षमा करीत नाही, हे एकीकडे. आणि दुसरीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्या सहा तरुणांची वाट धुक्यात चुकली, भर पावसात रात्र काढावी लागली आणि त्यांतील एक जण गारठून दगावला. गट लहान असला की सारे सुरक्षित, असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. सहांत वाट जाणणारा कोणी नसेल तर तेही फार आणि जाणते पाच असतील तर पन्नासही सांभाळता येतील. प्रश्न संख्येचा आहे, तो जाणत्यांच्या तुलनेत. डोंगरात मुरलेले लोक दहा-बारांमागे एक असे प्रमाण सांगतात, आणि पुढे एक व सर्वांच्या मागे एक असे दोघे त्यावेगळे. हा मागचा माणूस अनेकदा नवशिका, हौशी, फुकट नेलेला असतो. वास्तविक गटातला सर्वांत कसलेला माणूस शेवटी हवा, कारण दमलेला, लंगडणारा, रडकुंडीला आलेला प्रत्येक जण अखेर त्याच्याच हाती येतो.

बलवान पुढे आणि दुबळे मागे अशी विभागणी केल्याने काय होते, याचा धडा स्कॉटलंडने १९७१ साली घेतला. त्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या एका शाळेतील मुलांचा गट केर्नगॉर्मच्या पठारावर गेला. सशक्त मुले एका गटात आणि कमी अनुभवाची दुसऱ्या गटात, अशी वाटणी झाली. दुसऱ्या गटाची प्रमुख स्वतःच विशीतली विद्यार्थिनी होती आणि तिची मदतनीस त्याहून लहान. हिमवादळ आले, सशक्तांनी निवाऱ्याची झोपडी गाठली, दुसरा गट उघड्या बर्फात अडकला. पाच मुले आणि ती मदतनीस असे सहा जण गेले. दोन्ही प्रमुख प्रामाणिक होते आणि मुलांवर त्यांची मायाही होती. उणीव होती ती अनुभवाची, आणि परत कधी फिरायचे हे आधी ठरवून ठेवण्याची.

आपल्या देशात अशी प्रकरणे घडली नाहीत असे नाही. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमणकर्ते मरण पावले. ती मोहीमही शहरातून आखलेली होती. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालाच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातून गेलेल्या बावीस जणांच्या गटातील नऊ जण हिमवादळात गारठून गेले. दोन्ही ठिकाणी नंतर परवानग्यांची आणि कागदपत्रांची चर्चा फार झाली. गटातील किती जणांची प्रकृती प्रमुखाला ठाऊक होती, याची मात्र त्या मानाने थोडीच झाली. हा प्रश्न क्षुल्लक नाही. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीला धावलेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. श्रमांची सवय असलेल्या दलातील माणसावर तो चढ असा उलटू शकतो. मग आठवडाभर खुर्चीवर बसून शनिवारची रात्र बसमध्ये जागून काढलेल्या चाळिशीच्या गृहस्थाचे काय, हे संयोजकाने बसचे आसन विकण्यापूर्वीच विचारावयास हवे.

येथे बहुतेक संयोजक त्या सहीकडे बोट दाखवतात. पण त्या सहीने नेमके काय होते? डोंगराचा स्वाभाविक धोका माणूस सहीने पत्करतो. अंदाज बिघडलेला असताना नाला ओलांडायला लावण्याचा, दोर नसताना कातळ चढवण्याचा, मागे कोण राहिले हे न मोजता निघून जाण्याचा धोका तो पत्करीत नाही. पत्करू शकतही नाही. हलगर्जीपणामुळे घडलेल्या मृत्यूला पूर्वी दंडसंहितेचे कलम ३०४-अ लागू होते. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली आहे. त्या कलमापुढे छापील संमतिपत्राची ढाल फार काळ टिकेल असे कोणी समजू नये. अठरा वर्षांखालील मुलाच्या सहीला तर कराराच्या कायद्यात अर्थच नाही.

राज्य सरकार या विषयाकडे फिरकलेच नाही, असा आरोप करता येणार नाही. साहसी उपक्रमांच्या सुरक्षेबाबत २०१४ साली एक शासन निर्णय निघाला, जुलै २०१८ मध्ये दुसरा, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांना व्यापणारे साहसी पर्यटन धोरण आले. संयोजकांची नोंदणी हा त्याचा गाभा आहे. यावर गिर्यारोहण संस्थांतून जे आक्षेप आले त्यांत तथ्य होते. वर्षानुवर्षे पदरमोड करून मुलांना डोंगर दाखवणाऱ्या मंडळाला आणि दर शनिवारी चार बसगाड्या भरणाऱ्या व्यावसायिकाला एकाच दावणीला बांधणे अन्यायाचे आहे. साहस हे परवान्यावर मिळणारी वस्तू झाली तर त्यात साहस काय उरले, हा त्यांचा प्रश्नही फेकून देण्याजोगा नाही. परंतु या आक्षेपाच्या आडोशाने जे लोक मंडळाचे नाव घेऊन व्यापार करतात, त्यांचे फावते, हेही तितकेच खरे.

इंग्लंडने या दोहोंत भेद केला. १९९३ साली लाइम बे येथे समुद्रातील नौकाविहारात चार शाळकरी मुले बुडाली. त्या केंद्रातील पूर्वीच्या प्रशिक्षकांनी सुरक्षेतील उणिवांबद्दल मालकांना आधीच लेखी इशारा दिला होता, असे चौकशीत बाहेर आले. कंपनी दोषी ठरली, तिचा संचालक तुरुंगात गेला आणि १९९५ साली कायदा झाला. त्या कायद्याने मोबदला घेऊन अल्पवयीनांना साहसी उपक्रमांना नेणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा केला. आपल्या सभासदांना नेणाऱ्या स्वयंसेवी मंडळांना मात्र वगळले. महाराष्ट्रात हा भेद तत्त्वतः मान्य होण्यास अडचण नसावी. अडचण आहे ती तो पायथ्याशी ओळखण्याची.

कारण अपघात मंत्रालयात होत नाहीत. ते होतात तेव्हा प्रथम धावतात ते पायथ्याच्या वाडीतले लोक. डोली त्यांची, खांदे त्यांचे, आणि रात्रीच्या पावसात वाट त्यांनाच दिसते. मग लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी स्वयंसेवी पथके आपापले कामधंदे सोडून पोचतात. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्याशी दरीत पडलेल्या तरुणीला बाहेर काढण्यासाठी अशा पथकांना कित्येक तास झगडावे लागले; ती वाचली नाही. या माणसांना वेतन नाही आणि ज्याने बस भरून आणली त्याच्या नफ्यात त्यांचा वाटाही नाही.

अनेक गडांच्या पायथ्याशी आता वनखात्याच्या किंवा गावाच्या समितीच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती फाडली जाते. त्या वहीत माणसे आणि पैसे यांच्या जोडीला आणखी चार रकाने आखायला सरकारी धोरणाचीही वाट पाहावी लागणार नाही: गटप्रमुखाचे नाव, त्याच्यासोबतच्या जाणत्यांची संख्या, कोणत्या वाटेने चढणार ती वाट, आणि उतरल्यावर मोजलेली डोकी. दहांमागे एक जाणता नसेल तर वाडीतला एक वाटाड्या मजुरी देऊन घ्यावा, असे नाक्यावरच्या माणसाला तेथेच सांगता येईल. त्यातून वाडीला चार पैसे मिळतील. आणि संध्याकाळी सहा वाजता वही उघडली की कोणत्या ओळीतला शेवटचा रकाना कोरा राहिला आहे, ते कंदील पेटवण्याच्या आत त्याला दिसेल.