चालत्या घरातील ओव्हन

अमेरिकेत मुला-मुलींकडे जाणाऱ्या आई-वडिलांना अलीकडे एका निराळ्या घराची ओळख होऊ लागली आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे, दोन-चार खाटांचे आणि चिमुकल्या स्वयंपाकघराचे हे घर. तेथे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. यलोस्टोनसारख्या विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यानात आठ दिवस हिंडायचे, तर कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या कुटुंबाला उपाहारगृहावर विसंबता येत नाही. त्यात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते. जून-जुलैत तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, ही मोठीच सोय. सप्टेंबरअखेरीस मात्र सात वाजून गेले की दिवस संपतो. म्हणून असा ट्रेलर भाड्याने घेतला जातो, डाळ, जाडसर कणीक आणि तूप बरोबर येते, आणि पहिल्याच मुक्कामी डाळ-बाटीचा बेत ठरतो. शेगडीवर डाळ शिजते. बाट्यांचे गोळे वळून तयार असतात. ओव्हन मात्र पेटत नाही.

अशा वेळी होणारी चूक जवळजवळ ठरलेली आहे. सूनबाई काडी लावते, पेटत नाही. मुलगा येऊन बटण फिरवतो, पेटत नाही. मग सासरे तिसरी काडी ओढतात. दरम्यान त्या बंद पेटीत वायू साठत असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. तो वर जाऊन विरत नाही, तळाशी पसरतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांहून अधिक झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून एक प्रयत्न फसला की बटण बंद करावे, ओव्हनचे दार आणि ट्रेलरच्या खिडक्या उघडाव्यात, निदान पाच मिनिटे थांबावे, आणि मगच पुन्हा काडी ओढावी. बाटी उशिरा झाली तरी चालेल; ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

दोष ओव्हनमध्येच आहे असे गृहीत धरून त्याचे भाग उचकटायला बसण्याचेही कारण नाही. व्यापाऱ्याच्या घरात ताळेबंद जुळला नाही, तर शेवटच्या बेरजेशी झगडत न बसता आरंभीच्या शिलकेपासून वही तपासतात. येथेही आरंभ सिलिंडरपासून करावा. ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी, मोटारीला जोडणाऱ्या दांड्यावर, सहसा २० किंवा ३० पौंडांची सिलिंडरे बसवलेली असतात. म्हणजे वायूचे वजन सुमारे ९ किंवा साडेतेरा किलो. आपल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते, तेथे मात्र जवळजवळ शुद्ध प्रोपेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूपात अडून राहतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सियस आहे. म्हणूनच कडाक्याच्या थंडीतही तेथील शेगडी चालते. सिलिंडरातील दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. तो रेग्युलेटर ११ इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे आपल्या घरच्या शेगडीला मिळतो जवळपास तितकाच, सौम्य करून आत सोडतो.

नवे सिलिंडर जोडले की नळीत हवा शिरते, आणि ती हवा बाहेर पडेपर्यंत ओव्हनच्या बारीक छिद्रातून वायू येत नाही. त्यासाठी आधी वरची शेगडी पेटवावी. ती स्थिर जळू लागली म्हणजे मुख्य नळीत वायू आला. शेगडीच्या सगळ्याच ज्योती मिणमिणत असतील, तर ओव्हन निर्दोष आहे. सिलिंडर तरी संपत आले आहे, रेग्युलेटर तरी बिघडला आहे, किंवा सिलिंडरची चावी एकदम उघडल्यामुळे आतली सुरक्षा-झडप गळती समजून अडून बसली आहे. हे शेवटचे कारण फार वेळा आढळते आणि उपाय सोपा आहे: आतली सर्व उपकरणे बंद करावीत, सिलिंडर बंद करावे, काही मिनिटांनी चावी अगदी सावकाश उघडावी.

शेगडी उत्तम जळते आणि ओव्हनच हटून बसला आहे, अशी खात्री झाली की मग त्याच्या स्वभावाकडे वळावे. जुन्या पद्धतीच्या ओव्हनमध्ये आत एक लहान पायलट ज्योत असते, नंदादीपासारखी सतत तेवणारी. बटण तापमानाच्या आकड्यावर फिरवले की ही ज्योत आधी मोठी होते, शेजारच्या संवेदक नळीला तापवते, आणि ती नळी पुरेशी तापल्यावरच मुख्य बर्नरची झडप उघडते. यात अर्धे ते एक मिनिट जाते. घरातील शेगडीच्या सवयीने माणूस दहा सेकंदांत निराश होऊन बटण बंद करतो, आणि बिघाड नसलेल्या ओव्हनला बिघडलेला ठरवतो. ज्योत नसताना वायू सुटू नये, यासाठीच तो विलंब मुद्दाम ठेवलेला असतो.

नव्या ओव्हनमध्ये हेच काम थर्मोकपल करते. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला की विद्युतदाब उत्पन्न होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ साली दाखवून दिले. तो दाब केवळ काही मिलिव्होल्ट. पण झडप उघडी धरणाऱ्या लहानशा चुंबकाला तेवढा पुरतो. म्हणून ज्योत पेटल्यावरही बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे लागते. सोडताच ज्योत विझत असेल तर वायू बंद करून, ओव्हन थंड झाल्यावर थर्मोकपलचे टोक पाहावे: ते ज्योतीच्या बाहेर सरकले आहे का, त्यावर काजळी आहे का, मागचा नट ढिला आहे का. काजळी बारीक पॉलिश कागदाने हलकेच निघते. तरीही ज्योत टिकली नाही, तर तो लहानसा भाग बदलावा.

ज्योत पिवळी, फडफडणारी दिसली, तर बहुधा बर्नरच्या हवेच्या वाटेत काही अडकले आहे. हिवाळाभर उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये कोळी नेमके त्याच नळीत जाळे विणतात. पेटवण्यापूर्वी चूल पुंजून घेण्याची जैन घरांतली जयणा येथे दुहेरी उपयोगी पडते: मऊ कुंचल्याने नळी झाडली तर आतला जीवही वाचतो आणि ज्योतही निळी होते. वायूच्या बारीक छिद्रात मात्र सुई घालू नये. छिद्र रुंदावले की ज्योत कायमची बिघडते.

वायूला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आला, तर वरचे काहीही तपासत बसू नये. जळती ज्योत विझवावी, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून सिलिंडर बंद करावे. ट्रेलरमध्ये जमिनीलगत गळतीसूचक बसवलेला असतो. तो वाजला तरी हेच करावे. पुढचे काम जाणकार तंत्रज्ञाचे. स्वतः केलेल्या जोडणीची परीक्षा फक्त साबणाच्या पाण्याने करावी, काडीने कधीही नाही. रात्री थंडी वाजते म्हणून ओव्हन पेटता ठेवून झोपण्याचा मोहही काहींना होतो. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

एवढे झाल्यावर ओव्हन पेटतोच बहुधा. बाटीसाठी तो ३५० ते ३७५ अंश फॅरनहाइटवर ठेवावा. त्याच्या बटणावरचे आकडे मात्र ढोबळ असतात, म्हणून आत ठेवायचा साधा तापमापक बरोबर न्यावा. ज्योत तळाशी असल्याने बाट्या खालून करपतात आणि वरून कच्च्या राहतात. जाळीवर एक सपाट भाजणीचा दगड ठेवला की आच सारखी पसरते. बाट्या निम्म्या भाजल्यावर एकदा उलटाव्यात. यलोस्टोनच्या सरोवराकाठी, सुमारे २,३५० मीटर उंचीवर, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा डाळीला कुकर हवाच, आणि ती बाट्यांच्या बऱ्याच आधी चढवावी.