गावातली जुनी बोट सुरू होते का?

बोट म्हटलं की मालवण नाहीतर गेटवे आठवतं. बीदर-कलबुर्गी म्हटलं की तूर, ज्वारी आणि ऊन. पण पाणी आपल्याकडेही आहे. मांजरा आणि कारंजा गोदावरीकडे जातात, भीमा कृष्णेकडे. भालकी तालुक्यात कारंजा धरण, अफजलपूर तालुक्यात भीमेवर सोन्नचा बंधारा. गाणगापूरच्या संगमावर तर प्रत्येक घरातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये हीच भीमा पात्राबाहेर आली. इकडे अतिवृष्टी, वरून उजनीचं पाणी. काठच्या गावांतून माणसं बोटीनं बाहेर काढावी लागली. बाहेरचं पथक पोहोचेपर्यंत वेळ जातो. गावात एखादी जुनी मोटारबोट असली, तरी ती सुरू झाली तरच उपयोग.

बोटीच्या मागे अडकवायच्या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत ते विकायला सुरुवात केली आणि त्यानंतर ते घराघरांत पोहोचलं. ज्या घरात लुना किंवा आरएक्स १०० होती, त्यांना जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड परकं वाटणार नाही. तोच कार्बोरेटर, तोच प्लग, तेच पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल. त्यामुळे आपल्या गॅरेजमधली मुलंही हे काम शिकू शकतात.

जुनी बोट घेताना रंगावर भुलू नका. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, ती ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा फळी दाबली जात असेल, तर आतलं लाकूड कुजलंय. हा खर्च इंजिनापेक्षाही जड पडू शकतो. मग खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल करा. ऑइल दुधासारखं निघालं, तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. दोन सिलिंडर असतील, तर दोन्हींचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं हवं.

आता दुरुस्ती. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर उघडून साफ करा, प्लग नवे घाला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं, म्हणून नळ्याही बदला. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांना ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल लागतं, पण काहींना जास्त. आपल्या मॉडेलचं प्रमाण पुस्तिकेत पाहा. ऑइल पाण्यातल्या इंजिनांसाठीचं, म्हणजे टीसी-डब्ल्यू ३ असावं. मोटारसायकलचं घालू नका.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वॉटर पंपातला रबरी इम्पेलर. नदीचं पाणी आत खेचून इंजिन थंड ठेवण्याचं काम तोच करतो. पडून राहिल्यानं त्याची पाती कडक होतात, वाळू-गाळानं झिजतात. म्हणून जुन्या इंजिनात तो आधी बदलावा. इंजिन कोरडं कधीच सुरू करू नका. काही सेकंदांतच इम्पेलर खराब होऊ शकतो. पाण्यानं भरलेल्या मोठ्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवा, पंखा काढून ठेवा आणि मगच दोरी ओढा. इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार आली, की पंप चालतोय. धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करा.

नंतर कागदपत्रं आणि सुरक्षा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी असते. ती पूर्ण करूनच बोट पाण्यात उतरवा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी, बोटीत वल्ही आणि लांब दोरखंड हवाच. प्रशिक्षण नसताना पुराच्या प्रवाहात बोट घालू नका. बोट कुठे आहे आणि चालू आहे का, हे तहसील कार्यालयाला आधीच कळवून ठेवा, म्हणजे पथकाला ती वापरता येईल.

घरातल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं महिन्यातून एकदा, पिंपात, मोठ्यांच्या देखरेखीखाली इंजिन दहा मिनिटं चालवावं. प्लग, इम्पेलर आणि एक पाना बोटीजवळच्या डब्यात ठेवावा. मे महिन्यात एकदा नीट तपासणी झाली, की पावसाळ्याची तयारी झाली.