पिल्लांचे पाय का वाकले?

गेल्या वर्षी आम्ही परसात ब्रॉयलरची वीस पिल्ले पाळली. "नुसता मका टाक रे, तयार खाद्य महाग," काकी म्हणाल्या. मी ऐकले, शाळेत विज्ञान शिकवणारा मी! तिसऱ्या आठवड्यात सहा पिल्ले उभी राहीनात.

मक्यात ताकद आहे, पण लायसीन थोडे आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. सोयाबीनच्या पेंडीत लायसीन भरपूर, मात्र मेथिओनीन कमी. म्हणून दोन्ही मिसळून ते वरून घालावे लागते. एक अमिनो आम्ल जरी कमी पडले तरी बाकीची पुरती अंगी लागत नाहीत, शरीरात मोडली जातात आणि त्यांतला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात वाया जातो.

हाडांचे निराळे. पहिल्या तीन आठवड्यांत कॅल्शियम सुमारे १ टक्का व पचणारा फॉस्फरस ०.४५ टक्के हवा. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो पिल्लांना नीट पचत नाही. तेव्हा नुसत्या शिंपल्यांच्या चुऱ्याने भागत नाही, डायकॅल्शियम फॉस्फेटही लागते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्यही यांना देऊ नये. त्यात कॅल्शियम तिपटीहून अधिक असते, मूत्रपिंडे बिघडतात.

उरलेली चौदा तयार खाद्यावर वाढली. काकी अजून म्हणतात, मक्यावरच्या कोंबडीची चवच न्यारी.