चूळ आणि दातांवरील थर

दात स्वच्छ दिसणे आणि ते स्वच्छ असणे या दोन भिन्न गोष्टी होत. दात घासून काही तास लोटताच हिरडीच्या कडेशी व दोन दातांमधील फटींत एक पांढुरका, चिकट थर साचू लागतो. दंतवैद्यकात त्याला ‘प्लाक’ म्हणतात. तो म्हणजे केवळ अन्नाचे कण नव्हेत. असंख्य जिवाणू व त्यांनी निर्माण केलेले चिकट द्रव्य यांची ती दाट वसाहत असते. ती तशीच राहिली तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येऊ लागते आणि लाळेतील क्षार साचून थराचे टणक कीटण बनते. मग रोज माउथवॉशने चूळ भरून हा थर घालविता येईल काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर फार जुने आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी लेवेनहूक यांनी आपल्या दातांवरील मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील हालणाऱ्या जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. तीव्र सिरक्याने चूळ भरल्यावरही त्यांना दातांवरील मळात जिवंत जीव आढळले; परंतु तोच मळ पाण्यात कालवून त्यात थोडा सिरका घालताच ते जीव मेले. सिरका थराच्या बाहेरील भागापर्यंतच पोहोचतो, आत शिरत नाही, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही मोलाचा आहे. आयुर्वेदाच्या दिनचर्येतही काडीने दात घासणे आणि गंडूष वा कवल धरणे हे दोन स्वतंत्र विधी सांगितलेले आहेत.

थराचे महत्त्व निर्विवादपणे सिद्ध झाले ते १९६५ साली. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ व्यक्तींना दात घासणे बंद करावयास सांगितले. सुमारे १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि दात पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. पुढे १९७० साली लोए व श्योट यांनी दाखविले, की दात न घासताही ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलिलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास थर साचणे रोखता येते. या द्रव्याचे रेणू धनभारित असल्यामुळे दातांच्या पृष्ठभागाला व तोंडातील त्वचेला चिकटून राहतात आणि कित्येक तास हळूहळू कार्य करीत राहतात.

मात्र हे प्रयोग स्वच्छ केलेल्या दातांवर झाले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नवा थर बसू न देणे वेगळे आणि मुरलेला थर फोडणे वेगळे. कीटण तर कोणत्याही चुळीने निघत नाही. शिवाय क्लोरहेक्सिडीनच्या दीर्घ वापराने दातांवर व जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते आणि कीटण वाढू शकते. क्वचित तीव्र ॲलर्जीही उद्‌भवते. टूथपेस्टमधील फेस आणणारे द्रव्य त्याचा प्रभाव कमी करते. म्हणून दात घासणे व चूळ भरणे यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

जाहिरातींनी या विषयात गोंधळ घातला आहे. सुगंधी तेलांनी बनविलेल्या लिस्टरिनमुळे थर व हिरड्यांची सूज काही प्रमाणात कमी होते, हे खरे. पण ते दोऱ्याने दातांच्या फटी साफ करण्याइतकेच परिणामकारक आहे, ही जाहिरात २००५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिशाभूल करणारी ठरविली. ज्या चाचण्यांचा आधार घेतला होता, त्यांत दोरा वापरणाऱ्यांनी तो योग्य रीतीने वापरलाच नव्हता.

म्हणून दंतवैद्याने चुळीला सरसकट नाकारू नये, तशीच ती प्रत्येक रुग्णाला लिहूनही देऊ नये. हिरडीवरील शस्त्रक्रियेनंतर, जबडा तारांनी बांधलेला असताना किंवा अपंगत्वामुळे ब्रश धरणे शक्य नसताना ती खरोखर उपकारक ठरते. फ्लोराइडची चूळ किडीला आळा घालण्यासाठी असते. तिचे प्रयोजन निराळे. लहान मुले द्रव गिळण्याचा संभव असल्यामुळे त्यांना अशी चूळ सल्ल्याशिवाय देऊ नये.

सर्वांत मोठा धोका औषधापेक्षा समाधानाचा आहे. हिरड्यांचा विकार प्रारंभी फारसा दुखत नाही. चुळीने तोंडाची दुर्गंधी तात्पुरती झाकली जाते आणि विकार आत वाढत राहतो. हिरडीतून रक्त येत असेल तर सुगंधी चूळ बदलून पाहण्यापेक्षा दंतवैद्याला दाखविणे श्रेयस्कर. औषधी चूळ ही ब्रशची मदतनीस होऊ शकते. त्याची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.