एकच पत्ता, दोन फायली

कोणाच्या घरी लिनक्सचा संगणक दिसला की मला राहवत नाही. चहा होईपर्यंत मी यजमानांना टर्मिनल उघडायला लावतो आणि 'सुडो ॲप्ट अपडेट' मारायला सांगतो. पासवर्ड अर्थात त्यांनीच टाकायचा. ओळी भराभर वर सरकतात, आणि शेवटी इंग्रजी 'डब्ल्यू'ने सुरू होणारी रांग लागली की यजमानांचा चेहरा पडतो आणि माझी कळी खुलते. 'टार्गेट पॅकेजेस अमुक अमुक इज कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स इन' असं म्हणत ती ओळ दोन फायलींची नावं सांगते. प्रत्येक नावापुढे ओळीचा क्रमांकसुद्धा असतो. संगणकाकडून इतकी नेमकी तक्रार क्वचितच येते. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात लिनक्स वापरणारे तसे मोजकेच, पण ही रांग मी त्यातल्या बऱ्याच जणांकडे पाहिली आहे. आणि बहुतेकांचा तिच्यावरचा उपाय एकच: खिडकी बंद करणे.

आधी दोन शब्द नवख्यांसाठी. लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं ते रेपॉझिटरीतून, बोलीभाषेत रेपोतून. रेपो म्हणजे हजारो पॅकेजं आणि त्यांची सूची ठेवलेला सर्व्हर. कोणकोणत्या रेपोत जायचं त्याचे पत्ते 'सोर्सेस डॉट लिस्ट' या फायलीत आणि तिच्या शेजारच्या 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' या फोल्डरातल्या फायलींत असतात. एकच पत्ता दोन ठिकाणी नोंदला गेला की वरची वॉर्निंग येते. बस, एवढंच.

इतिहास उरकून घेतो. डेबियन हे लिनक्सचं वितरण इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये जाहीर केलं. पॅकेजं आणून बसवणारं एपीटी, म्हणजे वरच्या आज्ञेतलं 'ॲप्ट', १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आलं. डेबियनवर बेतलेलं उबुंटू ऑक्टोबर २००४ चं. आपल्या सी-डॅकचं 'बॉस'ही डेबियनवरच उभं आहे. उबुंटूच्या सीड्या २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टानं फुकट यायच्या, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरवरचा धडा मराठीतही आहे.

आता वॉर्निंगकडे. लोक घाबरतात ते तिच्या लांबीला. चौलच्या एका निवृत्त मास्तरांकडे उबुंटू २२.०४ चा लॅपटॉप आहे. त्यांनी मला बोलावलं तेच "अरे, पानभर काहीतरी येतंय, व्हायरस तर नाही ना शिरला?" असं म्हणून. पानभर खरंच होतं. पण नोंद दुबार झाली होती ती एकच.

एका नोंदीच्या एवढ्या ओळी कशा होतात, याचा मला फार दिवस नाद होता. एपीटी एका पत्त्यावरून एकच फाईल आणत नाही. पॅकेजांची यादी वेगळी, वर्णनांची भाषांतरं वेगळी, सॉफ्टवेअर सेंटरला दाखवायची माहिती वेगळी, छोट्या आणि मोठ्या चित्रांचे गठ्ठे वेगळे, 'ही आज्ञा अमुक पॅकेजात आहे' असं सुचवणारी यादी आणखी वेगळी. अशा प्रत्येक गोष्टीला एपीटी 'टार्गेट' म्हणतं. उबुंटूच्या मुख्य रेपोची ओळ दुबार झाली तर मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स अशा चार विभागांसाठी हे सगळं आलं. त्यातून ज्यानं हौसेनं संगणकाची भाषा मराठी ठेवली आहे, त्याची रांग इंग्रजीवाल्यापेक्षा लांब. एपीटी त्याच्यासाठी मराठी भाषांतराची फाईलही धरतं आणि तिच्याबद्दल वेगळी तक्रार करतं. मास्तरांचा लॅपटॉप मराठीतच होता. मातृभाषेचा अभिमान असा ओळींनी मोजता येतो हे त्यांना सांगितल्यावर ते खूश झाले.

२०१६ पर्यंत, म्हणजे उबुंटू १६.०४ येईस्तोवर, मजकूर वेगळा असायचा. 'डुप्लिकेट सोर्सेस डॉट लिस्ट एंट्री' असं सांगून खाली सल्ला यायचा: हे दुरुस्त करायला ॲप्ट-गेट अपडेट चालवून पाहा. आपण ते चालवायचं, आणि तीच वॉर्निंग त्याच सल्ल्यासकट पुन्हा हजर! दुबार नोंद अपडेटनं जाण्याचं काही कारणच नव्हतं. नवा मजकूर लांब असला तरी सल्ला न देता फाईल आणि ओळ दाखवून गप्प बसतो. मला तोच आवडतो.

मास्तरांच्या पडद्यावर दोन नावं होती. एक 'गूगल-क्रोम डॉट लिस्ट', ओळ ३. दुसरं 'गूगल डॉट लिस्ट', ओळ १. ज्यानं हे प्रकरण एकदा सोडवलं आहे त्याला या दोन आकड्यांतच सगळी कथा कळते. ओळ १ ची फाईल माणसाच्या हातची असते. कुठल्यातरी मार्गदर्शिकेतली आज्ञा चिकटवली की एका ओळीची फाईल तयार होते आणि तिच्यात दुसरं काही नसतं. इथे ते काम मास्तरांच्या मुलानं सुट्टीत येऊन केलं होतं. मग त्यानं क्रोम बसवला, आणि क्रोमच्या पॅकेजनं आपला पत्ता स्वतःच एका नव्या फायलीत लिहिला. तिच्यात पत्ता तिसऱ्या ओळीवर, कारण वरच्या दोन ओळी सूचनेच्या. पहिली सांगते की ही फाईल आपोआप तयार झाली आहे. दुसरी म्हणते, ही नोंद टिप्पणी करून बंद केलीत तर चालेल, बाकीचे बदल मात्र पुसले जाऊ शकतात.

ती दुसरी ओळ वाचल्याशिवाय कोणी तिथे हात लावू नये. 'दोन्हीपैकी कुठलीही एक उडवा' असं सर्रास सांगितलं जातं, आणि माझा मतभेद नेमका इथेच आहे. त्या फोल्डरात तीन हात लिहीत असतात: संगणक बसवताना इन्स्टॉलर, नंतर आपण, आणि आपल्या नकळत पॅकेजं. क्रोमचं पॅकेज तर रोज चालणाऱ्या कामांच्या फोल्डरात आपली एक स्क्रिप्ट ठेवतं आणि नोंदीवर लक्ष ठेवतं. म्हणून उडवायची ती हातानं लिहिलेली. पॅकेजनं लिहिलेली राहू द्यायची, तिचा वाली जिवंत आहे. कोणी लिहिलं हे न पाहता फाईल काढली तर आज वॉर्निंग जाते, पण पुढच्या एखाद्या अपडेटला काय परत येईल याची खात्री नाही.

मास्तरांना फाईल पुसायची भीती वाटत होती. त्यावर एक छान सोय आहे. एपीटी फक्त 'लिस्ट' किंवा 'सोर्सेस' हे शेपूट असलेल्या फायली वाचतं. नावामागे 'डॉट डिसेबल्ड' किंवा 'डॉट बॅक' जोडलं की फाईल जागेवर राहते आणि एपीटी तिच्याकडे मुकाट्यानं दुर्लक्ष करतं. दुसरं एखादं मनचं शेपूट लावलं तर मात्र 'चुकीचं नाव आहे, सोडून देतोय' अशी सूचना दर वेळी येत राहते. मास्तरांनी स्वतः नाव बदललं, पुन्हा अपडेट मारला. पानभर तक्रार गेली ती गेलीच.

अलीकडे या प्रकरणात नवीन रंग भरला आहे तो फायलींच्या नव्या घडणीमुळे. जुन्या पद्धतीत एक पत्ता म्हणजे एक ओळ: 'डेब', पत्ता, आवृत्तीचं नाव, विभाग. नव्या पद्धतीचं नाव 'डेब८२२'. १९८२ साली ई-मेलच्या मजकुराची रचना ठरवणारं आरएफसी ८२२ निघालं, त्यावरून हे आलं. यात पत्ता, आवृत्ती, विभाग आणि सहीची किल्ली अशा नावानिशी वेगवेगळ्या ओळी असतात. एप्रिल २०२४ च्या उबुंटू २४.०४ नं आपले मूळ पत्ते 'उबुंटू डॉट सोर्सेस' या नव्या फायलीत हलवले, आणि जुन्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये 'पत्ते तिकडे गेले आहेत' एवढी टिप्पणी ठेवली. आता होतं काय, की जुन्या सवयीचा माणूस सोर्सेस डॉट लिस्ट उघडतो, ती जवळजवळ रिकामी पाहून हबकतो आणि जुन्या वहीतल्या चारही ओळी तिच्यात परत भरतो. पत्ते दोन्हीकडे झाले! माझ्या पाहण्यातल्या २४.०४ च्या वॉर्निंगा बहुतेक अशाच. त्यावर उपाय म्हणजे सोर्सेस डॉट लिस्ट पुन्हा रिकामी करणे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मधल्या एपीटीत 'मॉडर्नाइज-सोर्सेस' अशी आज्ञाच आहे, जी जुन्या ओळी नव्या घडणीत आणते. काम चोख करते.

या वॉर्निंगचं नुकसान विचाराल तर जवळजवळ शून्य. एपीटी दुसरी नोंद सोडून देतं. खरं नुकसान होतं ते वॉर्निंग न येणाऱ्या दुबार नोंदीचं. पत्त्यात एका ठिकाणी भारताचा मिरर, म्हणजे रेपोची तशीच नक्कल ठेवणारा सर्व्हर, असेल आणि दुसऱ्या ठिकाणी मुख्य सर्व्हर, किंवा एकीकडे 'एचटीटीपी' आणि दुसरीकडे 'एचटीटीपीएस', तर एपीटीच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. तक्रार नाही, पण तीच सूची दोनदा उतरते. उबुंटू २४.०४ च्या युनिव्हर्स विभागाची एकटी यादी सुमारे १५ एमबी आहे. फायबर असलेल्या घरात हे कळतही नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि मोबाइलचा लुकलुकता हॉटस्पॉट अशा अवस्थेत ज्यानं काम केलं त्याला १५ एमबीचं मोल सांगायला नको.

मिरर मात्र वाईट नव्हेत, मुद्दाम केलेली दुबार नोंद कामाची असते. अलिबागकरांना याचं घरचं उदाहरण आहे, ते दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा त्या प्रवाहानं नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला नवी वेधशाळा झाली, लोखंड वर्ज्य करून बांधलेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्या दोन मालिका जुळवून पाहिल्यावरच कुलाब्याचं काम थांबलं. म्हणून आज १८४१ पासूनची साखळी अखंड आहे, आणि ती सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्याच रायगड जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. तिथे दुसरी नोंद कोणी आणि का ठेवली याची नोंद आहे. सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी मध्ये ती नसते, म्हणून मी हल्ली हातानं पत्ता घातला की वर टिप्पणीत तारीख आणि कारण लिहितो.

एक प्रकार मात्र लगेच हातात घ्यायचा. ओळ 'डब्ल्यू'ऐवजी 'ई'ने सुरू होत असेल आणि तिच्यात 'कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज सेट फॉर ऑप्शन साइन्ड-बाय' असं असेल, तर दुबार नोंदीत पत्ता एकच पण सही तपासायच्या किल्ल्या दोन वेगळ्या ठिकाणच्या आहेत. व्हीएस कोड वापरणाऱ्यांना हे ओळखीचं आहे: मार्गदर्शिकेनं किल्ली एका फोल्डरात ठेवलेली, पॅकेजनं दुसऱ्या. इथे एपीटी मधला मार्ग काढत नाही. पत्त्यांची यादी वाचायचंच नाकारतं, त्यामुळे सुरक्षेचे अपडेटसुद्धा थांबतात. सॉफ्टवेअर सेंटर अशा वेळी नुसतं रिकामं फिरत राहतं, म्हणून टर्मिनलमध्येच पाहावं. नियम तोच, हातची फाईल बाजूला काढायची. ती नव्या घडणीची असेल तर नावही बदलायला नको. आत 'एनेबल्ड' लिहून अपूर्णविरामापुढे (:) 'नो' एवढी ओळ घातली की पुरे.