मोजक्या अक्षरांचीं भित्तिपत्रकें : त्यांची पारख व कालनिर्णय

दफ्तरांत सनदा, महजर वा बखरी सांपडल्या तर संग्राहक त्या जिवापाड जपतात. त्याच रुमालांतून नाटकाचें भित्तिपत्रक किंवा मासिकाचें सुटें मुखपृष्ठ निघालें तर तें रद्दींत जातें. त्यावर वाचण्याजोगें कांहीं नाहीं, असा समज. वस्तुतः जेथें मजकूर मोजका, तेथें प्रत्येक अक्षर योजून घातलेलें असतें. अशा कागदांची पारख कशी करावी व त्यांचा काळ कसा ठरवावा, हें येथें थोडक्यांत मांडतों.

ही रीति आपणांस परकी नाहीं. शिवकालीन पत्रांच्या शेवटीं मर्यादेची लहानशी मुद्रा असते. मजकूर येथें संपला, हें ती एका ठशांत सांगते. मोडी लिहिणारा आधीं ओळभर रेघ ओढी व मग तिला अक्षरें टांगीत जाई. अलीकडच्या काळांत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं नाट्यजाहिरातींत नाटकाच्या नांवाच्या अक्षरांनाच त्या नाटकाची प्रकृति दिली. कवि अरुण कोलटकर यांचा व्यवसाय जाहिरातकलेचा. 'क्लिअरिंग हाऊस'च्या इंग्रजी काव्यसंग्रहांचीं मुखपृष्ठें, स्वतःच्या 'जेजुरी'सह (१९७६), त्यांनींच योजिलीं. उलटपक्षीं दिनानाथ दलालांच्या 'दीपावली'चीं (स्थापना १९४५) मुखपृष्ठें रंगसंपन्न. त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र दोहोंची कसोटी वेगळी.

मोजक्या रचनेस तीन कसोट्या लावाव्या. पहिली : एकेक घटक बोटानें झांकून पाहावा; कांहीं उणें वाटलें नाहीं तर तो घटक अनावश्यक. दुसरी : शिरोरेघ कोठें तोडली, वांकविली वा गाळली आहे तें पाहावें, देवनागरी शब्दाची मुद्रा तेवढ्यानें पालटते. तिसरी : शाया मोजाव्या. एकरंगी यंत्रावर प्रत्येक रंगासाठीं कागद पुन्हां चढवावा लागे. म्हणून दोन शाया एकमेकींवर छापून तिसरा रंग साधला असेल तर तें कौशल्य समजावें.

आतां कालनिर्णय. चिंचवडच्या मोरया गोसावी समाधिमंदिराच्या शिलालेखांत शके १५८० व विलंबी संवत्सर हीं दोन्ही येतात. तीं जुळतात, म्हणून लेख विश्वसनीय ठरतो. भित्तिपत्रकावर बहुधा तारीख व वार असतात, साल नसतें. तीच तारीख त्याच वारीं पांच, सहा किंवा अकरा वर्षांनीं पुन्हां येते. तेव्हां जंत्रीवरून चार-सहा सालें निघतात. त्यांतून एक निवडण्यास इतर खुणा आहेत. तिकिटाचा दर नव्या पैशांत असेल तर पत्रक १ एप्रिल १९५७ नंतरचें. पत्त्यांत सहा आंकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचें. 'पिंपरी-चिंचवड नगरपालिका' असें नांव असेल तर १९७० ते १९८२ मधील. कारण १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनीं गेले. परंतु ही खूण एकटी प्रमाण मानूं नये. जुन्या वळणाचे लोक ते पुढेंही देत राहिले, आणि प्रस्तुत लेखच त्यास साक्षी आहे.

शेवटीं एक विनंती. पिंपरी, चिंचवड, चाकण या टापूंत कारखाने व वसाहती वाढल्या. जुने वाडे उतरले, त्यांबरोबर माळ्यांवरचे कागदही. नगरपालिकेचा काळ अवघा बारा वर्षांचा. त्या काळचीं नाटकांचीं, उत्सवांचीं, सभांचीं पत्रकें छापतांना जपण्यासाठीं छापलींच नव्हतीं, म्हणून तीं सनदांहूनही लवकर नाहींशीं होतील. ज्यांस तीं मिळतील त्यांनीं कडा कापूं नयेत. मुद्रणालयाचें नांव बहुधा तळाच्या बारीक ओळींत असतें. चिकटपट्टी लावूं नये. कागद कोठें व कोणत्या कागदांसोबत सांपडला, तेवढें मागें शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें. पुढील अभ्यासकास एवढी नोंदही पुष्कळ होईल.