अर्बुदाच्या रक्तवाहिन्यांचा वेध घेणारी पेप्टाइडे : निदान व उपचार

कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण कराव्या लागतात. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी हा विचार मांडला आणि गाठीची रसदच तोडण्याचा मार्ग संशोधकांपुढे आला. या नव्या वाहिन्यांच्या अंतःस्तरावर काही प्रथिने विपुल असतात. स्थिरावलेल्या वाहिन्यांवर ती जवळजवळ नसतात. अल्फा-व्ही बीटा-३ इंटेग्रिन हे त्यांपैकी प्रमुख होय. आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांच्या क्रमाशी, म्हणजेच ‘आरजीडी’शी, ते बद्ध होते. १९९८ मध्ये अराप, पास्क्वालिनी व रुओस्लाती यांनी असे पेप्टाइड डॉक्सोरुबिसिनला जोडून उंदरांना दिले, तेव्हा औषधाचा परिणाम वाढला आणि विषारीपणा घटला.

माणसांतील अनुभव मात्र वेगळा आहे. सिलेंगिटाइड हे वलयाकार आरजीडी पेप्टाइड मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर मोठ्या चाचणीत वापरले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. तथापि, पेप्टाइड औषध म्हणून अपुरे पडले तरी पत्ता म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. लहान रेणू रक्तातून मूत्रावाटे लवकर बाहेर पडतो, त्यामुळे त्याला जोडलेले किरणोत्सारी समस्थानिक गाठीत उठून दिसते. जखम भरताना व दाहातही हे इंटेग्रिन प्रकट होते, ही त्याची मर्यादा होय. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात फुप्फुसातील प्रत्येक उजळ ठिपका कर्करोगाचा मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आरजीडी आणि त्याच धर्तीच्या एनजीआर पेप्टाइडांना टेक्नेशियम-९९एम, गॅलियम-६८ व ल्युटेशियम-१७७ जोडण्याचे प्रयोग झाले आहेत. पहिली दोन समस्थानिके प्रतिमेसाठी, तर बीटा किरण सोडणारे तिसरे उपचारासाठी. प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतच्या वाटेत येथे अंतर व अर्धायुष्य यांचे गणित आड येते. मुंबईहून नाशिकला रस्त्याने चार तास धरले, तर ६८ मिनिटे अर्धायुष्य असलेले गॅलियम पोहोचेपर्यंत एक-दशांशाहूनही कमी उरते. सहा तासांचे टेक्नेशियम सुमारे ६३ टक्के उरते. गॅलियमचे जनित्र अनेक महिने चालते, परंतु ते अतिशय महाग असते आणि त्यासाठी पेट कॅमेराही लागतो. टेक्नेशियमचे जनित्र तुलनेने स्वस्त असून साधा गॅमा कॅमेरा पुरतो. त्यातील मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तासांचे असल्याने ते सुमारे आठवडाभर वापरता येते. पेप्टाइड गोठवून वाळवलेल्या स्वरूपात कुपीत आधीच ठेवता येते आणि जनित्रातून काढलेले टेक्नेशियम रुग्णालयातच त्यात मिसळता येते. मुंबईबाहेरच्या रुग्णाच्या दृष्टीने या कुपीचे महत्त्व पेप्टाइडाच्या रचनेइतकेच आहे.